पिशवीतली कोल्हापुरी

ही पॉलिथिनची पिशवी दिसतीय ना, त्यात पैलवानाची चप्पल आहे. व्हिएतनाममधली, हनोईहून ह्वेला जाणारी रात्रीची स्लीपर बस, दारातच पोरानं हातात पिशवी टेकवली, खुणेनंच सांगितलं, काढा, ह्यात घाला, मग वर चढा. देवळाबाहेर चप्पल सोडायची सवय आहे आपल्याला, पण चप्पल पिशवीत घालून उशाशी घेऊन झोपायचं हे नवीनच. पैलवान रात्रभर पिशवी छातीशी धरून. (पैलवान नुसतं नावाला, शाळेत एकदा कुस्ती हरला तेव्हापासून.)

आणि का धरणार नाही? हे बघा, निघायच्या आधी कोल्हापुरात शूट केलेलं. बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवलेलं चामडं, त्याचा तळ कापायचा, टाच चढवायची, मग बाजूचे कान, मग पट्टा, आणि शेवटी वेणी. चप्पल करणाऱ्या ह्या मामींची बोटं बघा, क्लिप फास्ट केलेली नाही, हात तसाच चालतो. अख्ख्या चपलेत खिळा एक नाही, चामड्याच्याच वादीनं शिवलेली. नवीन असताना चावते, चार दिवस तेल लावून घालायची, मग पायाची होते. आणि चालताना करकर वाजली पाहिजे, न वाजणारी चप्पल पैलवान घेतच नाही. २०१९ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्याच मालाला मिळणारं नावाचं संरक्षण, मिळाला, महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ जिल्हे मिळून. मामींचा पोरगा मोबाईलच्या दुकानात कामाला आहे, तो ह्या फ्रेममध्ये नाही.

हनोईत टॅक्सीवाल्याला २० हजार डाँगची (तिकडचं चलन) समजून ५ लाखांची नोट दिली, दोन्ही निळ्याच, दीड हजाराच्या वर रुपये गेले, असो.

ही पाटी बघा. इंग्रजी अक्षरात 'चाय'. पैलवान थेट आत, चार बोटं दाखवली, "चार चाय, साखर कमी." आले चार वाडगे, नूडल्स, टोफू, वर कसलासा पाला. चेहरे बघा आमचे! तिकडं चाय म्हणजे शाकाहारी. पण आमच्यातला एक गडी माळकरी घरातला, तिकडच्या बऱ्याच जेवणात माशाचा सॉस असतो म्हणून तीन दिवस केळी आणि घरचे शेंगदाण्याचे लाडू खाऊन काढलेले, त्यानं दोन वाडगे एकट्यानं संपवले. पुढं प्रत्येक गावात उतरलं की तो आधी चायची पाटी शोधायचा.

मग होई आन. पिवळ्या भिंती, कंदील, १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत, कंदील सगळेच दाखवतात, आम्हीपण काढलेत, येतील पुढं. आधी ही भिंत बघा. तान की नावाचं जुनं घर, आणि भिंतीवर पुराच्या खुणा, वर्षासकट. बाकीचे टुरिस्ट सेल्फी काढून पुढं गेले, आम्ही चौघं तिथंच. जुलै लागला की कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट हेच विचारत मोठे झालेलो आम्ही, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पैलवान मान वर करून १९६४ ची खूण बघतोय, "आरं, हितनं सामान कुठं हलवत असतील?" म्हटला. परदेशात आल्यावर एवढं घरचं बोलणं पहिल्यांदाच.

दिवाळीची सुट्टी गाठून गेलेलो, आपल्याकडं पाऊस सरतो तेव्हा तिकडं मधल्या पट्ट्यात जोर धरतो, हे तिकीट काढताना कुणी बघितलंच नव्हतं. थू बॉन नदीचं पाणी रस्त्यावर आलं. विमान चुकलं, नवीन तिकिटं काढली, आकडा घरी अजून सांगितलेला नाही.

चप्पल मात्र भिजून फुगली, एक कान सुटला. पाणी ओसरल्यावर हे आजोबा सापडले, गल्लीत बूट शिवणारे. त्यांनी चप्पल हातात घेतली, उलटी केली, तळावरनं अंगठा फिरवला, परत सुलटी केली, वेणी नखानं जरा उचलून बघितली. मग मोबाईलमध्ये काहीतरी बोलले आणि स्क्रीन आमच्याकडं वळवली. भाषांतर आलेलं, "खिळा कुठं आहे?"

पैलवान नुसता हसतोय.

आजोबांनीपण खिळा मारला नाही. चामड्याची बारीक पट्टी कापली, भिजवली, आणि शिवायला बसले, वीसेक मिनिटं, पूर्ण ठेवलंय हे, एडिट करायचं जिवावर आलं. पैसे घेतले, पण आधी चप्पलेचा फोटो काढून घेतला.

हा कोल्हापुरातला महाद्वार रोड. तीच चप्पल. कान लावून ऐका, डाव्या पायाची वाजतीय, उजवी अजून गप्प आहे.