मेणाचं घर, शेणाचं घर

(कौलांवरून पागोळ्या. दारावर थाप.)

चिऊताई, चिऊताई, दार उघड!
थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.

हे दार मराठी मुलखात निदान सातशे वर्षं वाजतंय. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या तोंडी हीच गोष्ट येते. तिथं चिमणीच्या जागी साळई नावाचं पाखरू आहे. घरं मात्र हीच, तिचं मेणाचं आणि कावळ्याचं शेणाचं.

ही गोष्ट सांगताना चिमणी कष्टाळू होती, कावळा आळशी होता, असं कुणी सांगत बसत नाही. घर कशाचं ते सांगितलं की पात्रं उभी राहतात, आणि पुढे काय होणार याची कुणकुणही लागते. पाखरांची घरं मेणाशेणाची कशी, हे चार वर्षांचं पोरही विचारत नाही. बोलणं पाखरांचं चाललंय, रोख माणसांवर आहे, हे त्याला न शिकवता कळतं. लेकी बोले सुने लागे. शाळेत पुढे याचंच नाव अन्योक्ती म्हणून पाठ करावं लागतं.

(पावसाचा जोर वाढतो. शेणाची भिंत खचते.)

मग पाऊस येतो. स्थळ-काळ म्हणजे गोष्टीमागचा पडदा, असं आपण समजतो. इथं सगळा निकाल पावसाच्या हातात आहे. हीच गोष्ट वैशाखात घडवून बघा. ऊन तापलं की मेण वितळणार, शेणाचं घर वाळून टणक होणार, आणि दार ठोठावायची पाळी चिऊताईवर येणार. कावळ्याचा गुन्हा एवढाच, की त्याची गोष्ट पावसाळ्यात सांगितली गेली.

(पुन्हा थाप.)

थांब, माझ्या बाळाला पावडर लावते.
थांब, माझ्या बाळाला तीट लावते.

कथानक इथं एक पाऊलही पुढे सरकत नाही, आणि तरी गोष्टीतली सगळ्यात रंगणारी जागा हीच. सांगणारा मुद्दाम रेंगाळतो. कुणी बाळाला टोपडं घालतं, कुणी पाळण्यात निजवतं. दर ‘थांब’ला कावळा आणखी भिजतो आणि ऐकणारं पोर पांघरुणातून डोकं बाहेर काढतं. मघापर्यंत ते चिमणीच्या बाजूचं होतं. आता ‘उघड ना गं दार!’ म्हणून तेच ओरडतं. निवेदकानं बाजू बदललेली नाही, फक्त वेळ लावलाय.

(चुलीचा उजेड.)

शेवटाबद्दल मात्र घराघरांत एकमत नाही. कुठे चिमणी कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसवते आणि तो पोळतो. कुठे चुलीपाशी शेकायला जागा देते, वर गरम खाऊही देते. मला तव्याचा शेवट कधीच पटला नाही. भिजून आलेल्याला चटका कशाला? पण तोच शेवट सांगणाऱ्या आज्या आहेत, आणि तो ऐकून खदखदून हसणारी, ‘परत सांग’ म्हणणारी नातवंडंही.