शेंडा आणि सांधा

(दृश्य : पुण्यातली जुन्या बंगल्यांची गल्ली. कॅमेरा फाटकापासून वर सरकत झाडाच्या टोकापर्यंत जातो, मग मागच्या अंगणात उतरतो.)

जुन्या बंगल्यांच्या गल्लीत दोन झाडं हमखास भेटतात. फाटकाशी, विजेच्या तारा केव्हाच खाली टाकून गेलेला उंच अरोकेरिया. आणि मागच्या अंगणात, मोरीच्या पाण्यावर पोसलेला घेरदार चिकू. पहिल्याला लोक ख्रिसमस ट्री म्हणतात. रोपवाटिकेत मात्र विचारायचं ते ‘अरोकेरिया’ म्हणूनच.

दोन्ही सदाहरित, दोन्ही खारा वारा सोसणारी, आणि दोन्ही समुद्र ओलांडून आलेली. चिकू मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. अरोकेरिया पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटाचा. 1774 मध्ये कॅप्टन कुक त्या बेटावर उतरला, तेव्हा ही सरळसोट खोडं पाहून इंग्रजांना जहाजांच्या डोलकाठ्या दिसू लागल्या. पुढे लाकूड त्या कामाला ठिसूळ निघालं. शोभेचं झाड म्हणून मात्र ते जगभर गेलं.

हा खरा सूचिपर्णी वृक्ष, म्हणजे फूल नाही, शंकू येतात. किनाऱ्यावरचा सुरू दिसायला तसाच, पण तो फुलणाऱ्या झाडांपैकी आहे. देवदार पुण्याच्या उन्हात रमत नाही. मोरपंखी रमते, पण तिचा वृक्ष होत नाही. म्हणून आपल्या हवेत उंच सूचिपर्णी हवा म्हटलं की गाडी अरोकेरियावर येऊन थांबते.

(दृश्य : रोपवाटिका. तीन फुटी अरोकेरिया. हात शेंड्याकडे बोट दाखवतो.)

हे रोप विकत घेताना पानांचा तजेला नंतर बघा. आधी शेंडा बघा. मधोमध, सरळ वर जाणारा, शाबूत, आणि एकच. या झाडाची सारी उंची त्या एका टोकात असते. बाजूच्या फांद्या चार-सहाच्या थरांत आडव्या निघतात आणि आडव्याच राहतात. इतक्या, की आडव्या फांदीचं छाट मुळावर आणलं, तरी ते वर्षानुवर्षं जमिनीलगत आडवंच पसरतं. उभं झाड हवं तर रोप बियांपासून किंवा शेंड्याच्या छाटापासूनच केलेलं हवं. एका बाजूला लवंडलेलं, दोनच दिशांना पसरलेलं स्वस्त रोप दिसलं, तर ते कुठून आलं हे ओळखा आणि पुढे चला.

शेंडा मोडला तर? झाड मरत नाही. खालून दोन-तीन नवे शेंडे उठतात, एकमेकांशी चढाओढ करतात, झाड दुबेळकं होतं, आणि मोठेपणी वादळात तेच बेचकं फाटतं. लहानपणीच लक्षात आलं तर सर्वात सरळ शेंडा ठेवून बाकीचे काढता येतात. डिसेंबरात दिव्यांची माळ टोकाला घट्ट बांधून विसरणं, हे शेंडा जाण्याचं घरगुती कारण. तार सैल बांधायची आणि जानेवारीत काढायची.

खालचा थर वाळला की तो मात्र परत येत नाही. सावली, पाण्याची ओढ, नाहीतर भिंतीला घासणं, एवढ्यानं तो जातो. मग उरतो खांब आणि वर छत्री. कुंडीत अंधाऱ्या जिन्याखाली ठेवलेल्या अरोकेरियाचं असंच होतं.

आणखी एक गंमत. याचा जवळचा भाऊ, न्यू कॅलिडोनियाचा कुक पाइन, लहानपणी अगदी असाच दिसतो आणि याच नावानं विकलाही जातो. मोठेपणी तो अरुंद, खांबासारखा होतो आणि कलतो. पाच खंडांतली 256 झाडं मोजून 2017 मध्ये संशोधकांनी दाखवलं, की तो विषुववृत्ताकडे कलतो, सरासरी साडेआठ अंश. आपण उत्तर गोलार्धात, म्हणून आपल्याकडे दक्षिणेला. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितका कल जास्त. म्हणून पुण्यात थोडा कल दिसला तर घाबरून दोरखंड बांधू नका. वादळानंतर अचानक आलेला कल आणि बुडाशी फाटलेली माती, ही मात्र धोक्याची खूण.

(दृश्य : चिकूचं कलम. कॅमेरा जमिनीलगत, खोडावरच्या गाठीवर.)

चिकूला वर बघून काही कळत नाही. वाका आणि सांधा शोधा, म्हणजे दोन झाडं जोडल्याची खोडावरची गाठ.

चांगला चिकू खिरणीच्या खुंटावर, म्हणजे मुळासकट खालच्या खोडावर, बांधलेला असतो. खिरणी, म्हणजे रायण, ही चिकूची भावकीच, पण काटक आणि मुळानं घट्ट. खिरणीचं रोप हळू वाढतं, त्यामुळे खुंट तयार व्हायलाच वेळ जातो. मग कुंडीतला खुंट चिकूच्या फांदीला भिडवून भेट कलम करतात, नाहीतर कोवळ्या खुंटावर मृदकाष्ठ कलम. म्हणून खरं कलम महाग असतं. बियांपासून वाढवलेलं रोप स्वस्त, पण फळाला कैक वर्षं लागतात आणि फळ कसं निघेल हा जुगार. सांधा सापडला नाही, तर ते कलम नाही.

जात विचारा. महाराष्ट्रात बहुतेक अंगणांना कालीपत्ती बरी : गडद पानं, लांबट गोल, गोड फळ. डहाणू-घोलवडच्या बागांत हीच आहे, आणि त्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. क्रिकेट बॉल फळ मोठं देतो, गोडीत मागे पडतो.

लावताना सांधा मातीच्या वर किमान अर्धा फूट राहिला पाहिजे. तो पुरला गेला तर ओलीनं कुजतो. सांध्यावरची प्लास्टिक पट्टी रोपवाटिकेत तशीच राहून जाते. ती काढली नाही तर खोड जाडावताना आवळलं जातं आणि वर्ष-दोन वर्षांनी वाऱ्यात तिथेच तुटतं. सांध्याच्या खालून फूट आली तर ती खिरणीची. ओळख सोपी : पान टोकाशी बोथट, मध्ये किंचित खाच. दिसली की लगेच खुडायची. दोन पावसाळे दुर्लक्ष केलं, तर खिरणी वर आणि चिकू खाली. मग फळं येतात, पण बोटाच्या पेराएवढी पिवळी.

(दृश्य : मे महिना. खड्डा तापतोय. बाजूला मातीचे दोन ढीग.)

खड्डा मे महिन्यातच घ्या आणि पंधरा दिवस तापू द्या. चिकूला तीन फूट लांब, रुंद, खोल. अरोकेरियाला दोन फूट पुरतो. वरची माती वेगळी ठेवा, भरताना तीच तळाशी टाका. चिकूच्या खड्ड्यात दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर सुपर फॉस्फेट मिसळा. काळी, पाणी धरणारी जमीन असेल तर तळाशी मुरूम टाकून भागत नाही, खड्डाच हौद होतो. त्यापेक्षा फूटभर उंचवटा करून त्यावर लावा. देशावर पहिला चांगला पाऊस झाला की लागवड. कोकणात मुसळधार ओसरल्यावर.

अरोकेरियाची पिशवी फाडल्यावर मुळं बघा. तळाशी वेटोळं झालं असेल तर ते सोडवा, सुटत नसेल तर बाहेरचं वेटोळं कापा. ही हयगय लगेच कळत नाही. झाड तीस फुटांवर गेल्यावर एखाद्या वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवं होतं, तेव्हा कळते.

आता जागा. इथे बहुतेकांचं चुकतं. चिकूचं शिफारशीचं अंतर दहा मीटर बाय दहा मीटर. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, म्हणजे जवळजवळ तेवढाच. एका चिकूला एक गुंठा! अंगणात एवढी जागा कुणाकडे असते? पण चिकू ऐकतो. पहिल्या तीन वर्षांत शेंडा खुडून, आत वाढणाऱ्या फांद्या विरळ करून त्याला पंधरा फुटांवर राखता येतं. मोठ्या झाडाची सरसकट छाटणी मात्र नको. फुलं फुटव्यांच्या टोकाशी येतात, कुंपणासारखा कातरलात तर फळंही कातरली जातात.

अरोकेरिया अजिबात ऐकत नाही. शेंडा मारून त्याला ठेंगणा करता येत नाही, फक्त विद्रूप करता येतं. भिंतीपासून वीस फूट, आणि वर तार नको. गळणारे लांब डहाळे पन्हळीत अडकतात, लवकर कुजत नाहीत. म्हणून पावसाळ्याआधी पन्हळ साफ करायचं काम दरवर्षीचं. आणि चुकून लावलेलं झाड नंतर तोडू म्हणाल, तर शहरात 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या आवारातल्या झाडालाही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आमचं मत विचाराल तर : जागा एकाच झाडाची असेल, तर जमीन चिकूला द्या आणि अरोकेरिया अठरा इंची कुंडीत, उजेडात ठेवा. जागा दोघांना असेल तर अरोकेरिया उत्तरेला. आपल्याकडे वर्षाचा बराच काळ ऊन दक्षिणेकडून येतं, त्यामुळे उंच झाडाची सावली चिकूवर पडत नाही. मध्ये किमान पंचवीस फूट.

(दृश्य : चिकूच्या फांदीवर फळं. नख फळाच्या सालीवर फिरतं.)

कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दिसतं. पहिल्या वर्षीची फुलं खुडून टाका, आधी खोड होऊ द्या. फुलापासून काढणीपर्यंत सात ते दहा महिने लागतात, आणि रंग बदलत नसल्यामुळे घाई होते. सालीवरची तपकिरी पूड हाताला सहज निघते का बघा. मग नखानं हळूच ओरखडा काढा. आत हिरवं दिसलं आणि चीक आला तर थांबा. पिवळसर दिसलं तर देठासकट काढा, चार-सहा दिवसांत घरात पिकेल. कोवळं काढलेलं फळ सुरकुततं आणि तुरट राहतं. झाडावर पिकू दिलं तर ते वटवाघळांचं.

फळावर बारीक भोक दिसलं तर बी पोखरणारी अळी आतून खाऊन बाहेर पडलेली असते. तेव्हा फवारून उपयोग नाही. खाली पडलेली फुलं-फळं रोज गोळा करून खोल पुरायची, आळ्यात कुजू द्यायची नाहीत.