तळाशी बसलेला साका

[दृश्य : फळीवर ओळीनं मांडलेल्या तपकिरी बाटल्या]

कडू टॉनिकची एक बाटली. तिच्यात स्ट्रिक्नीन हे जहाल विष आहे, पण डोसागणिक इतकं थोडं की बाधू नये. आता या बाटलीत कुणी झोपेच्या औषधाची, ब्रोमाइडची, पूड टाकली तर? काही तासांत स्ट्रिक्नीनचे पारदर्शक स्फटिक होतात आणि तळाशी साका बसतो. बाटली न हलवता औषध ओतत राहिलं, तर वरच्या डोसांत विष जवळपास नसतंच. शेवटच्या डोसात ते एकदम येतं. खुनी तेव्हा भलत्याच गावी असू शकतो.

ही युक्ती कंपाउंडरलाच सुचावी अशी आहे. औषधं मिसळण्याच्या पाठ्यपुस्तकात ती ‘हे टाळा’ म्हणून दिलेली असे. रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्तीनं ती तिथूनच उचलली.

[दृश्य : पियानोच्या पट्ट्या]

व्हायचं मात्र होतं पियानोवादक. जन्म १८९० चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्कीत. भावंडं दहा-अकरा वर्षांनी मोठी, शिक्षण बरंचसं घरीच. खेळायला सवंगडी मनातले. अकराव्या वर्षी वडील गेले आणि पैशांची ओढाताण सुरू झाली. पुढे पॅरिसला संगीताचं शिक्षण. एकटी असताना वाजवायची ती छान. समोर श्रोते बसले की बोटं चुकायची. शिक्षकांनी स्पष्ट सांगितलं, हा स्वभाव मैफिलीचा नाही. मग ऑपेराचं स्वप्न. आवाज बरा, पण ऑपेराला लागतो तेवढा दमदार नाही. तेही संपलं.

[दृश्य : तराजू, खल-बत्ता]

पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका होती, मग औषधविभागात आली. काम एकतर अंगावर कोसळायचं, नाहीतर दुपार रिकामी. भोवती विषाच्या बाटल्या. गुप्तहेरकथा तुला जमणार नाही, असं मोठ्या बहिणीनं कधीतरी डिवचलेलं होतं. मग खून विषानंच व्हायचा, हे ओघानंच आलं.

गावातल्या एका औषधविक्रेत्याकडेही ती शिकायला जाई. एकदा सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्या, बनवताना त्याचं दशांशचिन्ह चुकलं. दशमान पद्धतीत टिंब एक घर सरकलं की चूक थेट दहापट होते. तिच्या ते लक्षात आलं. पण तोंडावर सांगणं होईना. तिनं ठेच लागल्याचं सोंग केलं, ताटली पाडली आणि माल पायाखाली चिरडला. श्रोत्यांपुढे गडबडणारी तीच ही मुलगी. पुढे तिच्या कथांतले कितीतरी खुनीही समोर न येता काम उरकतात. त्याचं मूळ आम्हाला इथं दिसतं.

हाच गृहस्थ खिशात क्युरारे, म्हणजे स्नायू लुळे पाडणारं विष, घेऊन फिरे. आपण बलवान आहोत असं त्यामुळे वाटतं, म्हणे. तो तिच्या मनातून गेला नाही. १९६१ च्या तिच्या ‘द पेल हॉर्स’ कादंबरीमागे त्याचीच आठवण होती.

[दृश्य : टाइपरायटर]

ब्रोमाइडची ती कथा, ‘द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स’, १९१६ मध्ये लिहून झाली. अनेक प्रकाशकांनी परत पाठवली. जॉन लेननं घेतली, पण शेवट बदलायला लावला. उलगडा न्यायालयात होत होता आणि तिथलं कामकाज पटण्यासारखं नव्हतं. तो दिवाणखान्यात आणला गेला. विषाच्या प्रकरणाला मात्र हात लावावा लागला नाही. १९२० साली पुस्तक आलं, आणि औषधव्यवसायाच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’नं त्यातलं विष बिनचूक असल्याची पावती दिली.