कॅमेरा कोणता घेऊ? आधी सांगा, किती वाजता आणि किती लांबून

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात वडशाकडचा एक पोरगा घरी आला. मोबाइलमध्ये तीन कॅमेऱ्यांचे फोटो काढून आणले होते. म्हणाला, "भाऊ, यातला कोणता घेऊ तेवढं सांगा. धानाचे चुकारे आले की बाबा पैसे देतो म्हणले." मी विचारलं, फोटो कशाचे काढतोस? तर म्हणे, "सगळ्याचेच. नाटक, लग्न, जंगल."

मी म्हटलं, मग कॅमेऱ्याचं नाव जरा बाजूला ठेव. नाटक किती वाजता असतं आणि तू स्टेजपासून किती लांब बसतोस, हे सांग.

आजचा व्हिडिओ या दोन प्रश्नांवरच आहे. किती वाजता म्हणजे उजेड किती, आणि किती लांबून म्हणजे अंतर किती. या दोन्हींचं उत्तर आधी लेन्सवर लिहिलेलं असतं, बॉडीचा, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याचा, नंबर त्यानंतर.

[किट लेन्स कॅमेऱ्यासमोर धरून]

ही बघा, बॉडीसोबत मिळणारी १८-५५. पुढच्या रिंगवर काय लिहिलंय? १:३.५-५.६. हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. म्हणजे १८ एमएमवर असताना ही लेन्स ३.५ पर्यंत उघडते, पण झूम करून ५५ वर गेलात की ५.६ च्या पुढे उघडत नाही. आणि ही दुसरी, साधी ५०, एफ १.८. झूम नाही, हातात घेतली तर खेळण्यासारखी हलकी. पण ५.६ च्या तुलनेत १.८ वर साधारण दहा पट उजेड आत येतो. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा. जिथे किट लेन्सला आयएसओ १२८०० लागेल, तिथे हिचं काम १२५०-१६०० मध्ये होतं, शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, तेवढाच ठेवून. तुम्ही बॉडी बदलून एवढा फरक आणायला गेलात तर शेतातली एक बैलजोडी विकावी लागेल.

आता झाडीपट्टीच्या नाटकाकडे येतो, कारण माझा जीव त्यात आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांचं लक्ष इकडे वळलं. पण या रात्रींचे नीट काढलेले, जपून ठेवलेले फोटो आजही फार कमी आहेत. गावातल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

समजा तुम्ही स्टेजपासून दहा मीटरवर, म्हणजे तीस-पस्तीस फुटांवर बसलात. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा आहे, जसा आपल्या बहुतेकांकडे असतो. ५० एमएम लावली तर पावणेपाच मीटर रुंदी दिसते. दोघा-तिघांचा प्रवेश त्यात छान बसतो. ८५ एमएम एफ १.८ लावली तर एक उभा कलाकार डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये मावतो, वर-खाली थोडीशीच जागा उरते. मला विचाराल तर नाटकासाठी पहिली लेन्स ८५. पुढेच बसायला मिळत असेल तर ५० पुरते, आणि स्वस्तातही पडते. ७०-२०० एफ २.८ घेतलीत तर दोन्ही कामं होतात, पण तिचं वजन आणि किंमत दोन्ही सोसावी लागते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ८५ पूर्ण उघडून १.८ वर, दहा मीटरवरून, साधारण एक मीटर खोलीच शार्प राहते. नायिका पुढे आणि बाप मागे दोन मीटरवर उभा असेल, तर दोघांपैकी एकच स्पष्ट येणार. संवाद कोणाचा चाललाय ते ऐका आणि त्याच्या डोळ्यावर फोकस ठेवा. नाटक माहीत असलेल्या माणसाचे फोटो चांगले येतात ते यामुळेच.

आता लाइट. स्टेजवर लाल एलईडी पडला की चेहऱ्यावरचा सगळा उजेड लाल रंगातच येतो. कॅमेऱ्याला एकूण उजेड कमीच दिसतो, पण आत लाल चॅनल केव्हाच भरून वाहिलेला असतो. घरी येऊन बघता तर गाल, कपाळ, नाक सगळं एकच लाल डाग. म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघताना तिन्ही रंगांचा वेगळा बघा, आणि लाल प्रवेशात एक्सपोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा, घ्या. फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. मागे काळा पडदा असतो, त्याला बघून ऑटो मोड चेहरा जाळून टाकतो. त्यापेक्षा मॅन्युअल बरा. शटर १/२००, अपर्चर २ च्या आसपास, आयएसओ प्रवेशाप्रमाणे.

फोटोत आडवे काळे पट्टे दिसतात म्हणून पुष्कळ जण विचारतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बल्ब-ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. साध्या एलईडीचंही तसंच. मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, सायलेंट शटर लावलं की हे पट्टे हमखास येतात. यांत्रिक शटर ठेवा, आणि तरीही पट्टे आले तर १/१०० वर या. बॉडी घेताना अँटी-फ्लिकर आहे का ते बघून घ्या. नाटक-लग्नवाल्यांसाठी मी मेगापिक्सेलपेक्षा याला जास्त मान देतो.

मग फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी घ्यायचीच नाही का? घ्या. रात्रीचं काम रोजीचं असेल तर जरूर घ्या. एकच लेन्स, एकच उजेड असेल तर फुल फ्रेमवर ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे, साधारण एका स्टॉपने कमी दिसतो. पण क्रॉप बॉडीवर एफ १.८ ची लेन्स, ही फुल फ्रेमवर ५.६ च्या किट लेन्सपेक्षा रात्री कितीतरी उजवी. मी स्वतः उलटं करून बसलो होतो. उसनवारीने फुल फ्रेम बॉडी घेतली, लेन्सला पैसे उरले नाहीत, आणि पूर्ण एक सीझन हललेले चेहरे घेऊन घरी आलो. त्यातल्या एका म्हाताऱ्या नटाचं ते शेवटचं नाटक होतं. त्यांचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. ती रुखरुख अजून जात नाही.

जंगलाकडे वळू. इथे लोकांचा समज असा की जितकी मोठी लेन्स तितकं चांगलं. ताडोब्यात वाघ पुष्कळदा रस्त्यावरूनच चालत येतो, जिप्सीपासून पंधरा मीटरवर. तिथे क्रॉप बॉडीवर २०० एमएमनेच पावणेदोन मीटर रुंदीची फ्रेम भरते, म्हणजे तोंड आणि खांदे. ६०० लावून बसलात तर नाकाचा फोटो मिळेल, वाघ जाईल. ताडोबा, पेंच, कऱ्हांडला इथे मी १००-४०० पसंत करतो. हिवाळ्यात गेट उघडतं तेव्हा उजेड जेमतेम असतो, साग-बांबूच्या सावलीत तर आणखी कमी. त्या पहिल्या तासात आयएसओ ६४०० ला घाबरू नका. ग्रेन असलेला फोटो चालतो, हललेला फोटो फेकावा लागतो. चालत्या वाघाला १/५०० च्या खाली जाऊ नका.

६०० ची खरी जागा म्हणजे गोंदियाचा सारस. महाराष्ट्रात सारस मुख्यतः याच जिल्ह्यात टिकून आहे आणि संख्या अगदी थोडी आहे. तो धानाच्या बांधीत उभा, तुम्ही दूरच्या पाळीवर. माणसाएवढा उंच पक्षी ६०० एमएमवर ऐंशी मीटरवरूनही पूर्ण मावतो. त्यापेक्षा जवळ जायचं कारणच नाही, आणि घरटं असेल तर मुळीच जाऊ नका. सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० साधारण दोन किलोची, पुढच्या टोकाला ६.३, म्हणून सकाळी ऊन चढलं की तिचं काम सुरू होतं. पण दहानंतर जमिनीतून झळा उठायला लागल्या की कितीही महागडी लेन्स असो, फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. त्यावर उपाय दोनच, जवळचा विषय घ्या किंवा दुसऱ्या दिवशी लवकर या.

जिप्सीत ट्रायपॉड ठेवायला जागा नसते. जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक तोंड शिवा, आत दोन-अडीच किलो जवारी भरा, दुसरं तोंड शिवा. दांड्यावर ठेवून त्यात लेन्स रुतवली की ती जागची हलत नाही.

मे महिन्यातल्या लग्नांचं थोडक्यात सांगतो. उजेड भरपूर, त्यामुळे लेन्स कोणतीही चालते. उलट भर उन्हात एफ १.८ वर, आयएसओ १०० ला, शटर १/८००० लागतो आणि सुरुवातीच्या बऱ्याच बॉडी १/४००० वरच थांबतात. फोटो पांढरे पडतात ते म्हणून. २.८ च्या पुढे जा. खरा त्रास उष्णतेचा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मांडवाबाहेर ४५ असतं. फोरके व्हिडिओ सलग चालवला की बॉडी आधी गरम होते, मग आपोआप बंद पडते. काळ्या बॅगेवर पांढरा ओला दुपट्टा टाका, कॅमेरा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, आणि हार घालायच्या वेळेसाठी दुसरी बॉडी सावलीत थंड ठेवा. लग्नाचं काम करणाऱ्याला एका भारी बॉडीपेक्षा दोन मध्यम बॉडी जास्त उपयोगी.

धुळीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. सोयाबीनच्या थ्रेशरजवळ, शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत), कापूस वेचणीच्या वावरात लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ करा, बॉडीचं तोंड जमिनीकडे ठेवा. वेदर सीलिंग, म्हणजे धूळ-पाणी अडवणारी सोय, नुसत्या बॉडीला असून भागत नाही, लेन्सच्या मागच्या धातूच्या कडीभोवती बारीक रबरी रिंग असते, तीही हवी. एक नसेल तर दुसरीचा उपयोग अर्धाच. सेन्सरवर तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने तर कधीच नाही, त्या हवेत तेल आणि पाणी असतं. रबरी ब्लोअर घ्या.

[लेन्सच्या आत टॉर्च मारून दाखवत]

आणि हे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात? ही बुरशी. ही माझी ३५ एमएम. उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर लावलेल्या खोलीतल्या कपाटात ठेवली होती. कूलर खोलीत दिवसभर ओलावा सोडतो हे माझ्या लक्षातच आलं नाही. मग पावसाळा लागला, तीन महिने कपाट उघडलं नाही. दुरुस्तीवाल्याने काच पुसून दिली, पण कोटिंग खाल्लं गेलं ते गेलंच. आता मी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा वापरतो, आत सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं छोटं मीटर. मीटर ४० ते ५० टक्क्यांत हवं. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर जुन्या कढईत तापवा, परत निळे होतात. ती कढई पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. तांदूळ टाकू नका, त्याची पिठी लेन्सच्या रिंगमध्ये जाते.

जुना माल घेताना हाच टॉर्च सोबत न्या. लेन्सच्या आरपार बघा. बॉडीवर एफ १६ ठेवून स्वच्छ आभाळाचा एक फोटो काढा, सेन्सरवरचे डाग काळ्या ठिपक्यांसारखे दिसतील. दोन ठिकाणी लोक फसतात, तेही सांगून ठेवतो. निकॉनच्या डी ३५००, डी ५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यावर स्वस्तात मिळणारी जुनी ५० एमएम १.८ डी लावली तर फोकस हातानेच फिरवावा लागतो, म्हणून एएफ-एस, म्हणजे लेन्समध्येच मोटर असलेली, मागा. आणि कॅननची एम५० स्वस्तात मिळते, बॉडी चांगलीही आहे, पण तिच्या लेन्स पुढे कॅननच्याच आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर बसत नाहीत. उलट कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर वर उत्तम चालतात. म्हणून कमी पैशात सुरुवात करणाऱ्याला मी कॅननची २०० डी आणि ईएफ ५० एमएम एफ १.८ ही जोडी सुचवतो.

त्या पोराचं काय झालं ते सांगतो. त्याच्याकडे मित्राचा एक क्रॉप कॅमेरा आधीच होता. कार्ड लावून मी त्याचे नाटकाचे फोटो उघडले आणि प्रत्येकाची माहिती बघितली. जवळपास सगळे ५५ एमएमवर, एफ ५.६, आयएसओ १२८००, शटर १/३०. लेन्स टोकाला जाऊन अडकली होती आणि उजेड पुरत नव्हता. त्याच्या कार्डातच उत्तर होतं. मी त्याला माझी ८५ एका रात्रीसाठी दिली.

परवा त्याने फोटो पाठवला. मायबाईच्या भूमिकेतली बाई, पदर तोंडाशी धरलेला, पापणीला लागलेला एक थेंब, आणि त्या थेंबात स्टेजचा पिवळा लाइट. खाली लिहिलं होतं, "भाऊ, बॉडी राहू द्या. ही लेन्स मंगळवारपर्यंत ठेवू का? आमच्या गावी नाटक आहे."