पहिला खेळ कुणासाठी?

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. समुद्रातून ओढत नेलं जाणारं लाकडी घर.]

हे घर गाव सोडून निघालंय. खाली रिकामी पिंपं बांधलीत, पुढे होड्या ओढतायत. चुलीपासून खिडक्यांपर्यंत सगळा संसार आत आहे.

हे न्यूफाउंडलंड, कॅनडाचं पूर्व टोक. १९५४ ते १९७५ या काळात सरकारी पुनर्वसन योजनांखाली इथली सुमारे ३०० छोटी गावं उठली आणि जवळपास ३० हजार माणसं हलली. किनाऱ्यावरच्या प्रत्येक वस्तीपर्यंत रस्ता, वीज आणि दवाखाना नेण्यापेक्षा माणसांनाच मोठ्या गावात आणणं सरकारला सोयीचं वाटत होतं. ज्यांना जमलं, त्यांनी घरही सोबत नेलं.

१९६७ साली फोगो बेटाचीही पाळी येणार असं दिसत होतं. दहाएक वस्त्या, पाचेक हजार माणसं. किनाऱ्यालगतचा कॉड मासा मिळेनासा झालेला, निम्म्याहून अधिक घरं सरकारी मदतीवर. त्यात चर्चचे पंथ वेगळे, शाळा वेगळ्या. एका वस्तीचं दुसऱ्या वस्तीशी फारसं सख्य नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी एकत्र बसून काही ठरवायचं म्हटलं तर पंचाईतच होती.

इथे कॅनडाच्या सरकारी नॅशनल फिल्म बोर्डाचे दिग्दर्शक कॉलिन लो कॅमेरा घेऊन आले. मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे डोनाल्ड स्नोडेन या कामात सोबत होते. माहितीपट करणाऱ्यांची नेहमीची रीत आपल्याला ठाऊक आहे. येतात, चित्रण करतात, रिळं घेऊन शहरात जातात आणि तिथे बसून ठरवतात की या लोकांचं दुःख नेमकं काय होतं. लो यांनी ही रीत मोडली. एक मोठा माहितीपट करण्याऐवजी त्यांनी एकेका माणसाच्या, एकेका प्रसंगाच्या पंचवीसहून अधिक छोट्या फिती केल्या. एका फितीत लग्नघर आहे, एकीत नुसती पोरं खेळतायत. एकीत एक मच्छीमार बेट सोडून टोरंटोला निघालाय आणि निघता निघता ही वेळ त्याच्यावर का आली ते सांगतोय. त्याचं बोलणं मध्येच तोडलेलं नाही, खाली दुःखी संगीतही लावलेलं नाही.

आणि पहिला खेळ बेटावरच. ज्याचं चित्रण झालं त्याला आधी दाखवायचं आणि विचारायचं: हे ठेवू का? यातलं काही गाळायचंय? त्यानं होकार दिला की मग प्रोजेक्टर वस्तीवस्तीतून फिरायचा.

[दृश्य: अंधारलेला दिवाणखाना, पडद्यावर बोलणारा माणूस, प्रेक्षकांचे चेहरे.]

समोरासमोर बसून जे बोलायची सोय नव्हती, ते पडद्यावरून ऐकता आलं. पलीकडच्या वस्तीतल्या माणसाचंही रडगाणं तेच होतं: होड्या लहान, मासळीला भाव नाही, सरकार ऐकत नाही. मग याच फिती राजधानीत गेल्या. मंत्र्यांनी पाहिल्या. मत्स्यव्यवसाय मंत्र्यांनी कॅमेऱ्यापुढे बसून उत्तर दिलं आणि ते बेटावर आणून दाखवलं गेलं. पुढे मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, मोठ्या होड्या बांधल्या जाऊ लागल्या. फोगो उठलं नाही. आजही तिथे वस्ती आहे.

याचं सगळं श्रेय सिनेमाला देणं भाबडेपणाचं होईल. बेटावर सुधारणा समिती आधीपासून होती, हट्टानं भांडणारी माणसंही होती. कॅमेऱ्यामुळे ती एकमेकांच्या नजरेस पडली. पुढे ही पद्धत ‘फोगो प्रक्रिया’ म्हणून ओळखली गेली.

ही झाली न गेलेल्यांची गोष्ट. जे गेले, त्यांनी काय केलं?

[दृश्य: न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचे जुने रस्ते.]

विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे निघून गेली. चित्रकार जेकब लॉरेन्स यांचे आईवडील त्यांतलेच. जेकब तेराव्या वर्षी हार्लेममध्ये आले आणि चित्रकलेचे पहिले धडे त्यांनी गिरवले ते शाळा सुटल्यावर भरणाऱ्या, वस्तीतल्याच कलावर्गांत. १९४०-४१ मध्ये त्यांनी या स्थलांतरावर ६० छोटी चित्रं काढली. कलावंत ग्वेंडोलिन नाइट यांनी, म्हणजे पुढे जेकब यांच्या पत्नी झाल्या त्यांनी, पाट्यांना पांढरा लेप द्यायला मदत केली. मग सगळ्या पाट्या एकत्र घेऊन एकेक रंग लावत जायचा, आधी गडद, मग फिकट. म्हणून स्टेशनवरच्या गर्दीतला रंग आणि शहरातल्या कोंदट खोलीतला रंग अगदी एकच आहे. चित्रांखालच्या ओळी साध्या आहेत, बातमीसारख्या. आज विषम क्रमांकांची चित्रं वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात आहेत, सम क्रमांकांची न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात. कुटुंबाची दोन शहरांत वाटणी व्हावी, तशी.

पण प्रेक्षक ठरवायची मुभा प्रत्येकाला मिळत नाही.

[दृश्य: गडद निळं भरतकाम, अगदी जवळून.]

हे कापड बघा. मधून जाणारा निळा पट्टा म्हणजे मेकाँग नदी. पट्ट्यात बांबू धरून तरंगणारी माणसं, प्रत्येक माणूस बोटाच्या पेराएवढा. एका काठावर बंदुका घेतलेले शिपाई, दुसऱ्या काठावर छावणी. १९७५ नंतर लाओसमधले हमोंग लोक नदी ओलांडून थायलंडमध्ये आले आणि बान विनाईसारख्या छावण्यांत वर्षानुवर्षं अडकून पडले. हमोंग बायकांच्या भरतकामात परंपरेनं भौमितिक नक्षी असायची. माणसं, विमानं, पळापळ हे सगळं छावणीत आलं. बरेचदा पुरुष आराखडा काढत, बायका टाके घालत.

ही कापडं परदेशी गिऱ्हाइकाला विकायची होती. त्यामुळे भडक रंग मागे पडले, परक्या घराच्या भिंतीवर शोभतील असे रंग आले आणि काही कापडांवर इंग्रजी ओळीही भरल्या गेल्या. यात हिणवण्यासारखं काही नाही, छावणीत हातात पैसा दुसरा कुठून येणार? पण काय भरायचं आणि काय नाही, हे ठरवताना गिऱ्हाईक समोर बसलेलंच असायचं.

आता ब्रिटन. १९८१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन भागात आणि इतर अनेक शहरांत पोलिस आणि कृष्णवर्णीय तरुण यांच्यात संघर्ष पेटला. पुढच्याच वर्षी चॅनल फोर ही दूरचित्रवाहिनी, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट तंत्रज्ञांची संघटना यांनी एक करार केला. त्यातून सांकोफा, सेड्डो, ब्लॅक ऑडिओ, रिटेक अशा चित्रपट करणाऱ्या गटांना बळ मिळालं. सदस्य बहुतेक स्थलांतरितांची मुलं. या करारात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती रुक्ष बाब: पगार. एका चित्रपटापुरतं मानधन नव्हे, गटाला नियमित वेतन. शिवाय चित्रपट काढणं हे अर्धंच काम, वस्तीत शिकवणं आणि दाखवणं हेही कामच. दशक संपता संपता पैसा आटला आणि असे बरेच गट एकेक करून मिटले.

[दृश्य: मोबाइलवर चित्रण शिकणारे तरुण, चेहरे दिसत नाहीत.]

स्थलांतरितांना स्वतःची गोष्ट सांगायला लावणारे असे उपक्रम आज जगभर चालतात. कॅमेरा खिशात असतो, तेवढी अडचण संपली. दुसरी मात्र वाढलीय. दोन दिवसांची कार्यशाळा, पहिल्याच तासाला संमतीपत्रावर सही आणि मग निर्वासितानं आपली सगळ्यांत करुण गोष्ट सांगायची, कारण देणगीदाराच्या अहवालाला तीच लागते. सही घेताना कुणी सांगत नाही की इंटरनेटवर गेलेला चेहरा मायदेशी मागे राहिलेल्या भावाला गोत्यात आणू शकतो. जे उपक्रम शहाणे आहेत, ते नुसता आवाज घेतात किंवा फक्त हातांचं चित्रण करतात. संमतीही शेवटी, तयार चित्रफीत दाखवून, पुन्हा एकदा विचारतात.

आणि कधी कधी प्रश्नच वेगळा विचारतात. साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह ही संस्था २००८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. घरोघरची पत्रं, फोटो, घरगुती चित्रफिती यांच्या डिजिटल प्रती ती ठेवते, मूळ वस्तू ज्याची त्याच्या घरी परत जाते. तिच्या एका उपक्रमात स्थलांतरितांना विचारतात ते एवढंच: या देशातला तुमचा पहिला दिवस कसा गेला? का आलात, काय भोगलंत, हे विचारतच नाहीत. ज्याला सांगायचं असेल तो तेही सांगतो. बाकीचे विमानतळाबद्दल बोलतात, थंडीबद्दल बोलतात, न्यायला येणाऱ्यानं किती उशीर केला त्याबद्दल बोलतात.

[श्रेयनामावली]