मसकेतलं पाणी संपल्यावर

श्रोतेहो, सलाम आणि नमस्कार.

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, एकमेकांना भेटलं की सलाम म्हणतात. नमस्कार लालबागच्या चाळीतला, जिथं मी लहानाची मोठी झाले. दोन्ही माझेच आहेत, म्हणून दोन्ही म्हणते.

आज सकाळी तुमच्यापैकी कुणी पिठाचा डबा उघडून तळाशी किती उरलंय ते बघितलं असेल. कुणी फोनमध्ये भावाचा नंबर काढला असेल आणि न लावताच फोन खाली ठेवला असेल. आजचं माझं बोलणं तुमच्याशी आहे. बाकीच्यांनी जरूर ऐकावं, पण डोळ्यांपुढे मला तुम्हीच आहात.

चार वर्षांपूर्वी माझ्या भाचीचं लग्न झालं. पत्रिका घरून आली नाही. चाळीतल्या एका जुन्या मैत्रिणीनं तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी तो दोन बोटांनी मोठा करून वाचला. गणपतीचं चित्र, कुलदैवतांची नावं, मुहूर्त, हॉलचा पत्ता. खाली निमंत्रकांमध्ये माझ्या मोठ्या बहिणीचं नाव, तिच्या यजमानांचं नाव, गावच्या चुलत चुलत्यांची नावं. माझं नाव नव्हतं. त्याची मनाची तयारी मी केली होती. पण पत्रिकेच्या अगदी खाली, बारीक अक्षरात, ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ अशी मुलांची ओळ असते ना, किलबिल? त्यात घरातल्या सगळ्या पोरांची नावं होती आणि माझ्या मुलाचं नव्हतं. त्याची तयारी मी केली नव्हती. तो तेव्हा शाळेतून यायचा होता. तो यायच्या आत मी तो फोटो पुसून टाकला.

मी सव्विसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. प्रभूकडे कशी आले ती वेगळी गोष्ट आहे, आज ती सांगत बसत नाही. घरात काय झालं तेवढं सांगते. आरडाओरडा झाला नाही. बाबांनी माझी लोखंडी ट्रंक उचलून गॅलरीत ठेवली आणि आत जाऊन रेडिओ लावला. आई दारात उभी होती, तिला बाहेर येता येईना आणि आतही जाता येईना.

पुष्कळ वर्षं मला बाबांचा राग होता. आता त्यांचं दुखणं कळतं, ते तुम्हालाही सांगायला हवं. बाबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधीच आत गेले नाहीत. आमच्या घरातली भांडी एकेक करून गेली. त्या दिवसांत बाबांना तगवलं ते चाळीच्या भजनी मंडळानं. कुणी तांदूळ आणून द्यायचं, कुणी शाळेची फी भरायचं, आणि रात्री सगळे मिळून टाळ घेऊन बसायचे. माझा बाप्तिस्मा त्यांना दुसरा धर्म म्हणून टोचला नसेल. ज्या माणसांनी आपल्याला जगवलं त्यांना पोरगी पाठ दाखवून गेली, असं त्यांना वाटलं असणार. ते तसं नव्हतं. पण मला ते त्यांना समजावता आलं नाही, आणि आता ते नाहीत.

लग्नानंतर आम्ही भांडुपला डोंगरावरच्या वस्तीत भाड्यानं राहायला आलो. यजमान एका छापखान्यात होते. छापखाना बंद झाला, आणि पाठोपाठ त्यांचं आजारपण निघालं. मी दोन घरी पोळ्या करायची आणि एका म्हाताऱ्या बाईंना आंघोळ घालायला जायची. भाडं, औषधं, मुलाची फी. महिना वीस तारखेलाच संपायचा.

आता जे सांगतेय ते जरा नीट ऐका. पैसे नसण्यापेक्षा मला जास्त छळलं ते लपवण्यानं. माहेरी कळलं तर म्हणतील, देव बदलला म्हणून भोगतेय. मंडळीत कळलं तर म्हणतील, हिच्या विश्वासातच काहीतरी खोट आहे. आणि आपल्याकडे ख्रिस्ती झालेल्याला एक जुना टोमणा आहेच, तांदळासाठी धर्म बदलला. तो टोमणा माझ्या कानात इतका बसला होता की मंडळीकडे मूठभर तांदूळ मागायलाही माझा हात पुढे येईना. पाच महिने मी दर रविवारी इस्त्रीची साडी नेसून उपासनेला जात होते, पेटीत दहा रुपये टाकत होते आणि ‘कशा आहात?’ म्हटलं की ‘प्रभूच्या कृपेनं बरं आहे’ म्हणत होते. घरी डब्यात पीठ नव्हतं.

त्याच काळात शेकडा दहानं कर्ज घेतलं. शेकडा दहा ऐकायला थोडं वाटतं. दहा हजारांवर महिन्याला एक हजार. वर्षात बारा हजार व्याज दिलं आणि मूळचे दहा हजार तसेच डोक्यावर.

एका रात्री वीज गेली होती. मुलाला झोप येईना म्हणून मेणबत्तीच्या उजेडात मी त्याला पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, हागारेची गोष्ट सांगायला घेतली. तुमच्यापैकी अनेकांना ती माहीत नसेल. हागार ही मिसर देशातली बाई, अब्राहामाच्या घरात दासी. धनिणीला मूल होईना म्हणून हिला पुढे केलं, हिला दिवस गेले आणि मग त्याच धनिणीच्या डोळ्यांत ही सलू लागली. मी ही गोष्ट शंभरदा वाचली असेल. त्या रात्री मोठ्यानं वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं की त्या घरात तिला कुणी नावानं हाकच मारत नाही. साराय, म्हणजे ती धनीण, म्हणते, माझी दासी. अब्राम, म्हणजे पुढचा अब्राहाम, म्हणतो, तुझी दासी. ती छळाला कंटाळून रानात पळून जाते, झऱ्यापाशी बसते, आणि तिथं पहिल्यांदा कुणीतरी तिला हाक मारतं. हागारे, कुठून आलीस? कुठं चाललीस? तो देवाचा दूत असतो.

मी तिथंच थांबले. मुलगा म्हणाला, “आई, पुढं काय झालं?”

पुढं ती त्या घरी परत जाते. आणि काही वर्षांनी तिला खरोखरच घराबाहेर काढतात. अब्राहाम सकाळी उठून तिच्या खांद्यावर भाकर आणि पाण्याची मसक, म्हणजे कातड्याची पिशवी, देतो आणि मुलासह तिला वाटेला लावतो. बैर-शेबाच्या रानात मसकेतलं पाणी संपतं. ती मुलाला एका झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्यावर, दूर जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवत नाही. मग देव तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. शास्त्रात कुठंही असं म्हटलेलं नाही की देवानं तिथं नवी विहीर खणली. डोळे उघडले, एवढंच लिहिलंय. माझ्या मनानं तेव्हापासून धरलंय की विहीर तिथं आधीच होती. रडून रडून तिला ती दिसत नव्हती.

आमच्या डोंगराच्या पलीकडे भांडुपचं मोठं जलशुद्धीकरण केंद्र आहे. मुंबईच्या फार मोठ्या भागाला तिथून पाणी जातं, आणि आम्ही पहाटे साडेचारला कॅन घेऊन रांगेत उभ्या असतो. पाणी शेजारी असून तोंडापर्यंत न पोचणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत मी खालच्या घरातल्या मालवणी काकूंना खरं सांगितलं. त्या ख्रिस्ती नाहीत, दर मंगळवारी सिद्धिविनायकाला जातात. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्टीलचा डबा घेऊन वर आल्या. तांदळाचं पीठ होतं, वर केळीचं पान झाकलेलं. म्हणाल्या, “घावणे घाल पोराला. डबा परत द्यायची घाई नको.” त्या रविवारी मी आमच्या मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनाही सांगितलं. ते गप्प ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “बाई, पाच महिने आम्हाला परकं का केलंत?” मंडळीच्या गरीब फंडातून सावकाराची मुद्दल फेडली गेली. ती रक्कम मी महिला मंडळात तीन वर्षांत थोडी थोडी परत भरली. कुणी मागितली नव्हती.

म्हणून कुणी तुम्हाला सांगत असेल, इतकं अर्पण द्या, प्रभू शंभरपट परत देईल, तर त्याच्या नादी लागू नका. शास्त्रात सारफथ गावच्या विधवेची गोष्ट आहे. तिच्या घरी एलीया संदेष्टा गेला, तेव्हा तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल होतं. दुष्काळ संपेपर्यंत ते पीठ सरलं नाही आणि तेल आटलं नाही. कोठार भरलं, असं तिथं लिहिलेलं नाही. रोज डब्यात हात घातला की त्या दिवसापुरतं निघायचं. मला प्रभूनं आजवर दिलं ते असंच. ते पुरलं, हे मी तुम्हाला खात्रीनं सांगू शकते.

अडचणीत असाल तर दोन गोष्टी उपयोगाच्या सांगते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणं 2014 च्या कायद्यानं गुन्हा आहे. दमदाटी होत असेल तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते. आणि घरात मोठं आजारपण असेल तर लक्षात ठेवा, धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आता घराविषयी. नारायण वामन टिळकांचं नाव मराठी माणसाला सांगावं लागत नाही. 1895 मध्ये त्यांनी याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि 1919 मध्ये त्यांचं निधनही मुंबईतच झालं. त्यांची भजनं आम्ही आजही गातो. पण मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या मागे राहिल्या, लेकराला घेऊन, नातलगांच्या आधारानं, काही वर्षं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या आणि नंतर स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. आम्ही मंडळीत साक्ष देताना, म्हणजे प्रभूकडे कसे आलो ते सांगताना, घर सोडणाऱ्याचं दुःख भरभरून सांगतो. दारात उभ्या राहिलेल्या बाईचं सांगत नाही. घरच्यांनी तुम्हाला टाकलं असेल तर तुमचं दुःख खरं आहे, त्यातला एक कणही मी कमी करणार नाही. पण प्रार्थनेत त्यांच्यासाठी रडाल, तेव्हा त्यांनीही काहीतरी गमावलंय हे ध्यानात असू द्या. आणि जिथं मारहाण आहे, जिवाला धोका आहे, तिथं परत जाऊ नका. क्षमा दुरूनही करता येते.

प्रभू येशूला त्याच्या घरच्यांनी वेडा ठरवलं होतं आणि ते त्याला धरून न्यायला निघाले होते. त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तरी वधस्तंभावर, श्वास घेणं कठीण झालेलं असताना, त्यानं खाली उभ्या असलेल्या आईकडे बघितलं आणि आपल्या शिष्याविषयी तिला म्हणाला, हा तुझा मुलगा. शिष्याला म्हणाला, ही तुझी आई. त्या दिवसापासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. मंडळी म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हाच प्रसंग सांगते. मरता मरता त्यानं एका बाईला घर दिलं.

माझ्या भावाचं दार अजून उघडलेलं नाही. दर नाताळला मी करंज्यांचा डबा चाळीत पाठवते. कधी तो रिकामा परत येतो, कधी येतच नाही.

पण गेल्या पावसाळ्यापासून रविवारी दुपारी एक फोन येतो, दरवेळी वेगळ्या नंबरवरून, शेजारपाजारचा. पलीकडे आई असते. माझं नाव घेत नाही, प्रभूचं नाव घेत नाही, मुलाची चौकशी करत नाही. फोनवर आधी तिचा श्वास ऐकू येतो. मग ती विचारते, “पाणी येतं का गं तुमच्याकडे?”

मी म्हणते, “येतं आई. पहाटे साडेचारला येतं.”