बारावी रात्र, अमळनेर

(दृश्य : बोरी नदीचं पात्र. मग शाळेचा लांब व्हरांडा.)

हे अमळनेर. सखाराम महाराजांचं, प्रताप मिलचं गाव. १९२४ साली इथल्या प्रताप हायस्कुलात एक नवे मास्तर रुजू झाले. कोकणातल्या पालगडचे, जेमतेम चोविशीतले. पांडुरंग सदाशिव साने.

पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आलं. तिथं खेड्यापाड्यांतली, घर सोडून आलेली पोरं. सर त्यांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे, कपडेसुद्धा धुऊन टाकायचे. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. मास्तरकी टिकली सहाच वर्षं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. खानदेश मात्र त्यांना आजही आपलाच मास्तर मानतो.

(दृश्य : धुळ्याचा तुरुंग, बाहेरून.)

१९३२. या भिंतींआड दर रविवारी विनोबा गीतेवर बोलायचे. समोर बसून ते बोलणं भराभर उतरवून घेत होते साने गुरुजी. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती त्या वह्यांमुळे.

पुढच्याच वर्षी, नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारीला त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली. पाच दिवसांत बहुतेक पुस्तक कागदावर होतं! उघडून बघा, प्रकरणांवर लिहिलंय ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’. आश्रमातली मंडळी जमतात आणि श्याम सांगत जातो. अशा बेचाळीस रात्री. गुरुजींनंतर त्यांच्या नावानं जी कथामाला सुरू झाली, तिचंही काम तेच, मुलांना गोळा करून गोष्ट सांगायची.

आपण काय करतो? गॅदरिंगला हे पुस्तक बक्षीस देतो. वर बजावतो, ‘वाच हं, डोळ्यांत पाणी येईल.’ कोणतं पोर त्याला हात लावेल?

माझं ऐकाल तर बाराव्या रात्रीपासून सुरू करा. पाण्याला भिणारा श्याम घरात लपून बसलाय आणि त्याला विहिरीवर पोहायला धाडायचं म्हणून आई हातात शिमटी घेऊन शोधतेय. उपदेश राहू द्या बाजूला. एवढं मोठ्यानं वाचा आणि तिथंच थांबा.

(दृश्य : अमळनेरातलं एक घर. लाईट गेलेली. ओट्यावर भावंडं.)

ताई मोबाईलच्या उजेडात वाचतेय. धाकटा पोट धरून हसतोय. शिमटी त्याच्याही ओळखीची दिसते. ऐन विहिरीच्या काठावर ताई पुस्तक मिटते.

‘मंग? मंग काय व्हयनं?’

‘सकाय सांगसू. आते झोप.’

ती आत जाते. पुस्तक ओट्यावरच राहतं, मोबाईलही. धाकटा दाराकडे एकदा बघतो, पान शोधतो आणि अक्षराला अक्षर लावत पुढचं वाचायला लागतो.